जुन्या फोटोंची नोंद आणि टॅगिंग: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या मराठी घरांमधून हल्ली जुने फोटो बाहेर यायला लागलेत. वाडे पाडून फ्लॅट होतायत, माळे रिकामे होतायत, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि मग कोणीतरी पत्र्याची पेटी आणून देतं की बघा यात काही कामाचं आहे का. स्कॅनर नसला तरी मोबाईल सगळ्यांकडे आहे, त्यामुळे स्कॅन पटापट होतात. अडतं ते त्याच्या पुढे. ढीगभर स्कॅनमधून "आजोबांच्या मुंजीचा तो ओट्यावरचा फोटो" शोधायला गेलं की सापडत नाही, कारण फाईलचं नाव म्हणजे स्कॅनरने दिलेला कुठलातरी लांबलचक आकडा आणि त्या फोटोबद्दल कुठेच एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

घरचा, मंडळाचा, शाळेचा, देवळाचा असा कुठलाही फोटोंचा साठा ज्यांना नीट लावायचाय आणि हे काम आधी कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लायब्ररी सायन्स शिकलेलं असायची अजिबात गरज नाही. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पक्की धरा, बाकीचं सगळं तिच्यातूनच येतं: फोटोत डोळ्यांना जे दिसतंय ते, कोणीतरी लिहिलंय किंवा सांगितलंय ते, आणि आपला अंदाज आहे तो, या तीन गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या. एका वाक्यात मिसळल्या की वीस वर्षांनी त्या कोणालाच सोडवता येत नाहीत.

पेटी उघडल्यावर

लगेच फोटो वेगळे काढायला बसू नका. ज्या गठ्ठ्यात, ज्या क्रमाने आलेत तसंच आधी मोबाईलवर टिपून ठेवा. अल्बम असेल तर प्रत्येक पान अख्खं शूट करा, मग एकेक फोटो. काळ्या पानांच्या अल्बममधे कुठला फोटो कुठल्या शेजारी लावलाय, पाकिटावर काय लिहिलंय, कशाबरोबर लग्नपत्रिका खोचलेली होती, ही सगळी माहितीच आहे आणि गठ्ठा एकदा विस्कटला की ती परत मिळत नाही. चिकट पानं आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम असतात ना, त्यातले फोटो ओढून काढू नका, फाटतात. प्लास्टिक हळूच वर करून जागच्या जागीच स्कॅन करा.

मागे नंबर टाकायचा तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. साधारण १९७० नंतरचे रंगीत फोटो प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर असतात, त्यावर पेन्सिल उठतच नाही, मग कागदी पाकीट घ्या, नंबर पाकिटावर आधी लिहा आणि नंतर फोटो आत सरकवा. सेलोटेप, डिंक, रबरबँड, यू-पिन यातलं काहीही नाही.

स्कॅनबद्दल थोडक्यात सांगते. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करा. ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) ठेवा, मूळ फाईल टिफमधे (फोटोतलं काही न गाळणारा फाईलचा प्रकार), आणि ती फाईल कधीही एडिट करायची नाही. रंग सुधारणं, डाग काढणं, जे काय करायचंय ते जेपेग कॉपीवर. कडा कापू नका, पांढरी कड, तिच्यावरचा स्टुडिओचा ठसा, कातरलेली नक्षी हे सगळं पुढे वर्ष ठरवायला लागतं. मोबाईलमधली ॲप्स आता धूसर चेहरा एकदम स्वच्छ करून देतात, पण तो चेहरा ॲपने तयार केलेला असतो, त्या माणसाचा नसतो, म्हणून संग्रहात तो ठेवायचा नाही. आणि स्कॅन एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, फाईल बारीक होते आणि आतली माहिती उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नंबर साधा ठेवा. 0047, त्याची पुढची बाजू 0047A, मागची 0047B. फाईलच्या नावात माणसांची नावं आणि वर्षं घालायचा मोह होतो, घालू नका. ओळख उद्या चुकीची निघू शकते, वर्ष बदलू शकतं, नंबर बदलत नाही. फाईलच्या नावात इंग्रजी आकडे-अक्षरंच वापरा, मराठी सगळी शीटमधे, म्हणजे एक्सेलसारख्या ज्या तक्त्यात नोंदी करायच्या त्यात.

एक फोटो घेऊन बघू

जेमतेम सहा सेंटिमीटरचा चौरस ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट आहे, पांढऱ्या कडेचा. ओट्यावर सात माणसं. मधे पाटावर मुंडन केलेला साताठ वर्षांचा मुलगा, कपाळाला मुंडावळ्या, हातात दंड. बघणाऱ्याच्या डावीकडे नऊवारीतली बाई बसलीये, तिच्या मागे दुसरी बाई उभी आहे जिने साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलाय, गुजराती पद्धतीने. उजवीकडे खुर्चीवर धोतर, कोट आणि काळी टोपी घातलेले गृहस्थ. पायरीवर फ्रॉकमधल्या दोन मुली, त्यातली एक हललीये म्हणून चेहरा पुसट. आणि अगदी उजव्या कडेला, अर्धा कापला गेलेला, हातात पितळी तांब्या धरलेला एक माणूस. मागे भिंतीवर गुजराती पाटी आहे, तिची "...या बजार" एवढीच शेवटची अक्षरं फ्रेममधे आलीयेत. फोटोच्या मागे निळ्या शाईत "बंडूची मुंज. फाल्गुन शके १८८१" आणि त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, बॉलपेनने, "कै. नाना, कै. आई, मी".

नवीन माणूस काय लिहितो? "दांडिया बाजारातल्या घरी बंडूची मुंज, सोबत आई-वडील आणि बहिणी." वाचायला छान आहे, पण यातलं खरं म्हणजे आपल्याला काय माहितीये ते बघा. मुंज आहे हे मागे लिहिलंय आणि फोटोतही दिसतंय, ठीक. दांडिया बाजार हा पाटीच्या अर्ध्या शब्दावरून केलेला अंदाज आहे. शेजारी बसलेत ते आई-वडील असावेत, पण मुंज काका-काकूंनीही लावलेली असू शकते, आपल्याकडे ते काही नवीन नाही. मुली बहिणी आहेत याला तर काहीच आधार नाही, पाहुण्यांच्याही असतील. आणि तांब्यावाला माणूस त्या वाक्यात नाहीच.

म्हणून दिसतंय त्या रकान्यात मी वर जे वर्णन केलं तेच लिहायचं, फक्त डावीकडून उजवीकडे, बघणाऱ्याच्या डाव्या हाताने सुरुवात करून, आधी बसलेली ओळ मग उभी. "डावीकडून" म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे शीटच्या वर एकदा लिहून ठेवा नाहीतर निम्मे लोक फोटोतल्या माणसाची डावी बाजू धरतात. पुसट, कापलेला, पाठमोरा जो असेल तोही मोजायचा. लिहिलंय त्या रकान्यात मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, चूक असली तरी, ऱ्हस्वदीर्घ सुधारायचं नाही, "कै." "चि." "सौ. कां." "ती." काही गाळायचं नाही, आणि दोन अक्षरं वेगळी असतील तर दोन वेगळ्या ओळी. मजकूर गुजरातीत असेल तर गुजरातीतच उतरवा आणि खाली मराठीत अर्थ द्या. मोडीत काही असेल तर अंदाजाने वाचू नका, "मोडी, वाचायचं बाकी" असं लिहा आणि मोडी जाणणाऱ्याला स्कॅन दाखवा.

त्या "कै." कडे परत एकदा बघा. बॉलपेनची ओळ नाना आणि आई गेल्यानंतरची आहे, म्हणजे फोटोनंतर बऱ्याच वर्षांनी आठवणीने लिहिलेली, त्यामुळे शाईच्या ओळीइतकी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण त्यातला "मी" फार मोलाचा आहे. हे अक्षर त्याच पेटीतल्या पत्रांत, वह्यांत, दुसऱ्या फोटोंच्या मागे शोधा. अक्षर कोणाचं ते कळलं की फोटोतलं एक माणूस कळलं, आणि त्याच अक्षरातल्या बाकीच्या सगळ्या फोटोंवरचा "मी" पण कळला.

वर्ष कसं काढायचं

आपल्या फोटोंच्या मागे इसवी सन असेलच असं नाही. मराठी घरात शके लिहायची पद्धत, गुजराती स्टुडिओवाला किंवा शेजारी संवत लिहिणार, आणि बडोद्यात दोन्ही सापडतात. हिशोब सोपा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारी ते गुढीपाडव्याआधीचा भाग असेल तर ७९. गुजरातमधला विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा, जानेवारी ते आश्विन ५६ वजा. महिने मात्र दोन्हीकडे अमावास्येला संपणारे, तेच ते, म्हणून महिन्याच्या नावात गोंधळ होत नाही. हिंदी भाषक घरातला फोटो असेल तर सांभाळा, तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि संवत चैत्रात बदलतो.

वरचा फोटो फाल्गुन शके १८८१. फाल्गुन म्हणजे वर्षाचा शेवट, म्हणून १८८१ अधिक ७९, १९६०. त्याच महिन्याला गुजराती माणसाने फागण संवत २०१६ लिहिलं असतं, २०१६ वजा ५६, परत १९६०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की निर्धास्त व्हा. तिथी नाही म्हणून दिवस लिहायचा नाही, "१९६०, फेब्रुवारी अखेर ते मार्च अखेर" एवढंच. पडताळायला जुनं पंचांग घरात असेल तर फारच उत्तम.

तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे १९६०-०३-१२ अशी, कारण मग शीट आपोआप काळाच्या क्रमाने लागते. नक्की माहीत नसेल तर पुढे ~ हे चिन्ह, १९६५~ म्हणजे १९६५ च्या आसपास, आणि शंका असेल तर १९६५?. ही चिन्हं मी मनाने काढलेली नाहीत, तारखा लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात, ती २०१९ मधे आलीयेत, त्यामुळे उद्या तुमचा साठा एखाद्या मोठ्या संस्थेला द्यायचा झाला तर त्यांनाही कळतील.

मागे काहीच लिहिलेलं नसेल तर फोटोच बघायचा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचं नाव छापलेला, साधारण ११ बाय १७ सेंटिमीटरचा असेल तर तो कॅबिनेट कार्ड, १८६० च्या दशकात निघालेला प्रकार, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. छोटा चौरस फोटो म्हणजे बहुतेक १२० च्या रोलचा, एका रोलमधे बारा यायचे. आगफा क्लिक थ्री कॅमेरा खूप घरांत होता आणि तो आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमधे बनायचा, हे मला हे काम करताना फार आवडलेलं आहे. कोपऱ्यात केशरी आकड्यात तारीख छापलेली असेल तर ती कॅमेऱ्यातल्या घड्याळाची, आणि घड्याळ कोणी लावलेलंच नसायचं कित्येकदा, म्हणून ती तारीख लिहिलंय या रकान्यात जाते आणि कपडे, ऋतू, पोरांची वयं यांच्याशी ताडून बघितल्यावरच खरी मानायची.

मग शहर. कीर्तिमंदिर १९३६ चं, न्यायमंदिर १८९६ चं, लक्ष्मी विलास पॅलेस १८९० चा. इमारत फोटोत असेल तर फोटो तिच्या नंतरचा, हे पक्कं. इमारत नसेल तर आधीचा, असं मात्र सरळ म्हणता येत नाही, कॅमेरा कुठल्या बाजूला तोंड करून होता ते आधी ठरवावं लागतं. सुरसागर तलावाचे फोटो याचं उत्तम उदाहरण आहे. मधली शंकराची मोठी मूर्ती नाही म्हणून लोक लगेच "जुना सुरसागर" लिहितात, आणि फोटो असतो काठाच्या एका कोपऱ्याचा जिथून मूर्ती दिसतच नाही. गाडीची प्लेट जीजे-६ ने सुरू होत असेल तर फोटो १९८८ च्या मोटर वाहन कायद्यानंतरचा. पाटीवर बडोदा आहे की वडोदरा हेही बघा, १९७४ मधे अधिकृत नाव वडोदरा झालं, पण दुकानदारांनी जुन्या पाट्या काही लगेच उतरवल्या नाहीत, त्यामुळे सरकारी पाटी असेल तरच याला वजन द्या.

माणसांची नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आजी, मोठी आई, दादा, ताई, नाना ही नावं नोंदीत चालत नाहीत, कारण कोणाची आजी? पेटी आणून देणाऱ्याची आजी ही दुसऱ्या पेटीवाल्याची मावशी असते, आणि दोन पेट्या एकत्र आल्या की एकाच बाईच्या दोन नोंदी तयार होतात. म्हणून पूर्ण नाव, आणि घरात काय म्हणायचे ते वेगळं लिहा. बायकांच्या बाबतीत तर तीन नावं विचारायचीच: माहेरचं, सासरचं आणि घरात हाक मारायचं. लग्नात नाव बदललेलं असलं तर १९३५ च्या शाळेच्या ग्रुप फोटोतली मुलगी आणि १९४५ च्या फोटोतली सून एकच आहे हे नुसत्या नावावरून कधीच कळणार नाही. एकच मुख्य नाव ठरवा, बाकीची त्याच नोंदीत खाली.

"सौ. अमुक" एवढंच लिहिलेलं असतं, नवऱ्याचं नाव आणि पुढे सौ. तिथे थांबू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा, दोन-चार जणांना विचारा, मुलांच्या शाळेच्या दाखल्यात, लग्नपत्रिकेत, देवळातल्या देणगीच्या पाटीवर शोधा. तसंच कडेला उभा असलेला तो तांब्यावाला. तो घरचा गडी असेल, आचारी असेल, शेजारी असेल, गुरुजींबरोबर आलेला असेल. "नोकर" असं कपड्यांवरून लिहू नका, दिसतंय ते लिहा आणि नाव विचारा. वयस्क माणसं अशा लोकांची नावं फार चटकन सांगतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. आणि डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली, दागिने नसलेली म्हातारी बाई दिसली की नोंदीत "विधवा" लिहायची घाई करतात लोक. पेहराव लिहा. बाकीचं घरच्यांनी सांगितलं तर आणि त्यांची हरकत नसेल तरच.

ज्येष्ठांना विचारायला जाताना प्रिंट किंवा मोठा टॅब घेऊन जा, मोबाईलवर त्यांना दिसत नाही. एका बैठकीत दहा-बारा फोटो पुरेत. "हे नाना ना?" असं विचारू नका, होच म्हणतात. "हे कोण कोण आहेत सांगा हं" म्हणा आणि गप्प बसा. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग सुरू ठेवा, कारण नाव सांगता सांगता जे बाकीचं बोलतात, की हा ओटा कोणाच्या घराचा, तेव्हा पाणी कुठून यायचं, ती बाई गुजराती पदर का घ्यायची, ते लिहून घेण्याच्या वेगात मावत नाही. नोंदीत कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं दोन्ही हवं. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, निवाडा करायला बसू नका. फोनमधली चेहरे ओळखणारी सोय सुचवण्यापुरती वापरा, आपल्या घरांत नाक-डोळे पिढ्यान्पिढ्या इतके सारखे चालत येतात की ती आजोबाला नातू ठरवते.

जागेबद्दल एकच सांगते. आजचं नाव आणि तेव्हाचं नाव दोन्ही लिहा. आपला मुंजीचा फोटो मार्च १९६० च्या सुमाराचा, म्हणजे गुजरात राज्य व्हायच्या दोन महिने आधीचा, तेव्हा बडोदा मुंबई राज्यात होतं, आणि १ मे १९४९ च्या आधीचा असता तर बडोदा संस्थानात. शोधणारा कुठल्याही नावाने येऊ शकतो.

टॅग

वर्णन वाचायला असतं, टॅग गोळा करायला. टॅग मारताना डोक्यात प्रश्न हाच ठेवायचा की या शब्दावर टिचकी मारल्यावर जे सगळे फोटो समोर येतील ते एकत्र बघायची कोणाला गरज पडेल का. मुंज, होय. नऊवारी, होय, पेहरावाचा अभ्यास करणारी मुलगी येईल. ओटा, होय, जुन्या घरांवर काम करणारा आर्किटेक्ट येईल. "सुंदर", "आठवणी", "जुने दिवस", नाही, ते सगळ्याच फोटोंना लागू आहेत.

सहा बाजूंनी विचार केला की सहसा काही सुटत नाही: कोण, कुठे, कधी, काय चाललंय, काय वस्तू आणि कपडे, आणि फोटोचा प्रकार कुठला, म्हणजे स्टुडिओ, ग्रुप, हाताने रंगवलेला वगैरे. प्रत्येक बाजूला टॅग मिळालाच पाहिजे असं नाही. आपल्या फोटोला मी हे देईन: मुंज, मुंडावळ्या, नऊवारी, गुजराती पदर, काळी टोपी, फ्रॉक, तांब्या, ओटा, गुजराती पाटी, ग्रुप फोटो, चौरस प्रिंट, १९६० चं दशक. दांडिया बाजार देणार नाही, अजून तो अंदाज आहे, तो शंका असलेल्या जागांच्या रकान्यात. तांब्या एवढासा दिसतोय तरी टॅग द्यायचा का? इथे द्यायचा, कारण तो माणूस तांब्या धरून उभा आहे. मागे कोनाड्यात कुठेतरी असता तर नसता दिला.

आता खरी डोकेदुखी. एकजण मिरवणूक लिहितो, दुसरा वरघोडा, तिसरा पालखी. देवउठी एकादशीला विठ्ठल मंदिरातून निघतो त्याला सगळं बडोदं वरघोडा म्हणतं, मराठी घरंसुद्धा. एक कमाटी बाग लिहितो, दुसरा सयाजीबाग. बडोदा, बडोदे, वडोदरा. मिरवणूक आणि मिरवणुक हे तर कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. यावर उपाय म्हणजे टॅगची एक यादी, एका शीटमधे, सगळ्यांसाठी एकच. प्रत्येक कल्पनेला एक मुख्य शब्द, त्याच्यासमोर बाकीचे पर्याय, आणि टॅग टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. नवीन शब्द लागला तर आधी यादीत घालायचा, मग वापरायचा, आणि यादी एकाच माणसाच्या ताब्यात. मुख्य शब्द कुठला घ्यायचा यावर भांडत बसू नका, लोक जो जास्त बोलतात तो घ्या. मोठ्या टॅगच्या पोटात छोटे ठेवा: संस्कारांच्या पोटात मुंज, लग्न, बारसं, डोहाळजेवण. म्हणजे नुसतं संस्कार शोधणाऱ्यालाही सगळं मिळेल.

याची बडोद्याला सवय आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मधे अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं, त्यांनी इथल्या लायब्ररीसाठी ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्याची स्वतःची वर्गीकरण पद्धत बसवली. बाहेरची तयार पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, इथल्या पुस्तकांना जे लागेल ते बघून जुळवून घेतलं. टॅगची यादी करताना तुम्हीही तसंच करा. परदेशी संग्रहालयांच्या चांगल्या याद्या मिळतात, त्यांचा सांगाडा बघा, पण त्यांच्यात मातृभोजन, रुखवत आणि ओटा तुम्हाला सापडायचे नाहीत.

फाईलच्या आत

शीट आणि फोटो कधीतरी वेगळे होतात, कॉम्प्युटर बदलतो, कोणीतरी फक्त फोटोच कॉपी करून नेतो. म्हणून थोडी माहिती फाईलच्या आतही भरा. डिजिकॅम नावाचं फोटो लावायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात होतं. डिस्क्रिप्शनमधे वर्णन, कीवर्ड्समधे टॅग, क्रिएटरमधे स्टुडिओचं किंवा फोटो काढणाऱ्याचं नाव, आणि ज्यांची ओळख पक्की आहे त्यांची नावं. मराठी देवनागरीत नीट राहते. तारखेकडे मात्र लक्ष द्या, स्कॅनर आणि मोबाईल त्यात आजची तारीख घालतात, ती बदलली नाही तर १९६० ची मुंज या वर्षीच्या फोटोंमधे जाऊन बसते. स्कॅनची तारीख वेगळी, फोटोची वेगळी.

स्टुडिओचं नाव का लिहायचं, तर एक म्हणजे त्याचं काम आहे आणि दुसरं म्हणजे कायदा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, सहसा काढून घेणाऱ्याकडे जातो. घरच्या संग्रहाला याचा त्रास होत नाही, पण सगळ्यांसाठी खुला करायचा असेल तर फोटो कोणाच्या घरातून आला आणि त्यांनी कशाला परवानगी दिलीये हे लेखी घ्या, प्रत्येक पेटीमागे एक कागद. हयात माणसांचे पत्ते, फोन, लग्नपत्रिकेवरचा मजकूर बाहेर दाखवायचा नाही. लहान मुलांचे उघडे फोटो, आजारपणातले, अंत्ययात्रेचे, हे घरच्यांपुरते ठेवा आणि शीटमधे तसा रकाना करा.

नोंद झाली की दुसऱ्या माणसाने ती फोटो न बघता वाचायची आणि मग फोटो उघडून ताडायची. वाचून डोळ्यासमोर जे आलं ते आणि फोटो जुळला नाही की वर्णनात काहीतरी सुटलंय. फाईलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरात, आपल्याकडे पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर येतं ते सगळ्यांनी बघितलंय.

जे फोटो कोणालाच ओळखू येत नाहीत त्यांना "ओळख बाकी" हा टॅग द्या आणि गणपतीत, लग्नाकार्यात, जिथे चार जुनी माणसं एकत्र येतील तिथे त्यांचे प्रिंट घेऊन जा. ओळख पटली की नवीन माहिती वर लिहा, कोणी सांगितलं ते लिहा, आणि जुनी ओळ पुसू नका, तिच्यापुढे फक्त "बदललं" आणि तारीख टाका.